मरा बुधवारपातूर

गेनभाऊनं मला आठ दिवस मारून ठेवलं होतं. माझ्याच ओट्यावर, भिंतीला टेकवून. वर म्हणाला, "अण्णा, आजपासून पुढच्या बुधवारपातूर तुमी मेला. च्या प्या, जेवा, झोपा. पर बोलायचं न्हाई. मेलेला माणूस बोलत न्हाई."

हा गेनभाऊ मूळचा महाळुंगे पडवळचा. शेतकी खात्यातली नोकरी संपली तसा घरी बसायचं सोडून लोकांच्या घरात बसायला लागला. जिथं बाप थकलाय आणि पोरं वाटणीवर आलीत तिथं हा स्कूटरवर हजर. स्कूटरचं तोंड कायम रस्त्याकडं. का, तर "भांडान पेटलं तर वळवायला टाइम जातो, राव." आला की आधी गोठ्यात जाणार आणि विचारणार, "म्हशी कुनाचा आवाज वळखत्यात?" सातबारा नंतर. मग भांडणाऱ्या भावांच्या मधे भुईमुगाच्या शेंगांचं सूप ठेवून फोडायला लावणार. हात मोकळे असले की एकमेकांकडं बोटं करतात, असं त्याचं म्हणणं. आमच्यात पहिल्या बैठकीला टोपलंभर शेंगा फोडून झाल्या, निकाल काय नाही. दाण्यांचा कूट मात्र महिनाभर पुरला.

आमचं दुखणं असं. सुदामची आई गेली आणि घर सुटल्यासारखं झालं. थोरला सुदाम रान करतो. धाकटा विलास चाकणला कंपनीत. त्याला आपला वाटा मोडून तिकडं फ्लॅट घ्यायचा होता. विहीर एकच, रानाच्या मधोमध. रान मोडलं की अर्धं रान कोरडं पडणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. दोघं भाऊ एका पंगतीला बसत नव्हते. मी म्हणत होतो, मी जिता आहे तोवर कुणी कशाला हात लावायचा नाही.

"म्हंजी घोडं तुमच्यातच अडलंय," गेनभाऊ म्हणाला. "मरा मग थोडं. तुमच्या मागं काय व्हतंय त्ये तुमीच बघा." विलासला त्यानं आठ दिवसांची रजा टाकायला लावली आणि मी मेलो.

दुसऱ्याच दिवशी घोळ झाला. डेअरीवर कुणी विचारलं, अण्णा दिसंनात? थोरली सून मंदा, तिला खोटं बोलता येत नाही. म्हणाली, "अण्णा मेल्यात, बुधवारपातूर." बहिणीच्या गावाला, पिंपळवंडीला पोचेपर्यंत त्यातलं बुधवारपातूर गळून गेलं. माझी थोरली बहीण ठकूआक्का रिक्षातून उतरली ती ऊर बडवतच. "आरं माज्या भावा, कसा रं गेलास!" मी ओट्यावर, हातात बशी. बोलायची सोय नाही. ती पायरी चढली, माझ्याकडं बघितलं, आणि रडणं बंद.

"मेल्या! जित्ता हायस व्हय!" असं म्हणून पाठीत असा गुद्दा घातला की च्या अंगावर सांडला.

गेनभाऊ शेजारीच होता. म्हणाला, "आक्का, मयताला मारू नये."

ही हसायची गोष्ट. पुढची ऐका.

शनिवारी वरच्या तुकड्यातल्या टोमॅटोला पाणी चढेना. घर रानातच, समोर विहीर, मला सगळं दिसत होतं. माल तोडणीला आलेला, झाडं माना टाकायला लागली. सुदाम मोटार बघतोय, विलास पाइप खोलतोय, आणि दोघं एकमेकांच्या अंगावर ओरडतायत. मला ठाऊक होतं काय बिघडलंय. पाइपात हवा धरली होती. जीभ चावून बसलो. खरं सांगतो, मनात म्हणत होतो, कळू द्या यांना, म्हाताऱ्याशिवाय चालत नाही.

तेवढ्यात मंदा भाकरी टाकून आली. पदर कमरेला खोचला, खाली बसली आणि पाइपाला कान लावला. खालचा व्हॉल्व अर्धा दाबून धरला. ऐकत राहिली. मग म्हणाली, "भावजी, आता वरचा सोडा. हळू." फुसफुस करून हवा गेली आणि पाणी चढलं.

तसा कान लावून बसायची ती फक्त सुदामची आई. तशीच, डावा कान, डोळे मिटून.

विलास म्हणाला, "वैनी, हे तुला कुणी शिकवलं?"

"आत्याबाईंनी, तुमच्या आईनं. आजारी पडल्यावर रोज हितं आणून बसवायच्या मला."

मला ते ठाऊक नव्हतं. मी रान कुणाला देऊ म्हणून गुरगुरत बसलो होतो, आणि ती बाई देऊन गेली होती. मी मेलेला होतो म्हणून कुणी माझ्याकडं बघत नव्हतं ते बरं झालं.

विलास त्या दिवशी ओल्या बांधावर लई वेळ बसून होता. बुधवारी शेंगा फोडता फोडता तोच म्हणाला, "रान मोडायचं न्हाई. वैनी आनि दादा करतील. माझ्या वाट्याचा माल मला द्या, फ्लॅटचं बघू पुढं. तोडणीला मी येतो दर आईतवारी." मंदाचं नावही रानाच्या कागदाला लागलं. कसं वाटलं विचारलं तर म्हणाली, "म्हशींचं दूध काढायचंय," आणि उठून गेली.

एक सांगायचं राहिलं. त्या आठ दिवसांत गेनभाऊ रोज दुपारी यायचा. काम नसलं तरी. म्हणायचा, मयताजवळ कुणीतरी बसावं लागतं. मग स्वतःच बोलत बसायचा. त्याचा बाप बसल्या जागी गेला, काही न सांगता. भावांनी रान वाटलं, घराच्या तुळया वाटल्या. ह्यानं काही घेतलं नाही. लग्न राहून गेलं. मंचरला एक खोली आहे. "मेलेल्याला सांगायला बरं असतं," म्हणाला, "कुठं बोलत न्हाई."

बुधवारी सगळं मिटल्यावर म्हणाला, "उठा अण्णा, जित्ते झाला." टोपी घातली, स्कूटरकडं गेला. आठ दिवसांत मी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"गेनभाऊ, तू कधी मरून बघितलं का रं?"

तो हसला. "मी मेल्यावर बघायचं कुनाकडं, अण्णा? मागं हाय कोन?"

मला गोड बोलता येत नाही. म्हणालो, "मग आमच्यात येऊन मर. दर बुधवारी. जेवून जात जा."

आता बुधवारी मंदा दोन ताटं ओट्यावर आणते. आम्ही दोघं मेलेले टेकून बसतो. त्याच्या स्कूटरचं तोंड घराकडं असतं.