नाडकर्णींचा सेनापती

ओमानमधल्या आमच्या सोहारच्या बिल्डिंगमधले नाडकर्णी कधी कोणाला रस्ता विचारत नाहीत. मोबाइलमधली वाट सांगणारी बाई बोलू लागली की ते तिला गप्प करतात आणि मला म्हणतात, "वहिनी, वाटाड्यावर भरवसा ठेवून गॅलसचं काय झालं?"

मुलांनो, एलियस गॅलस हा दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन सेनापती. अरबस्तानातल्या धुपाच्या देशावर स्वारीला निघाला. वाटाड्याने म्हणे त्याला मुद्दाम आडवाटांनी फिरवलं. जायला सहा महिने लागले, परतायला साठ दिवस. लढाईत फार थोडे गेले. बाकीचं सैन्य भूक, तहान आणि आजारपणाने संपलं. नाडकर्णी कारखान्यात इंजिनियर, पण हे असं सांगतात की जणू रजा टाकून स्वतः गेले होते.

दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ते एकटेच डोंगराकडच्या रुस्ताक गावाच्या "मोहिमेवर" निघतात. डिकीत पाण्याचे चार खोके. जायला चार तास, यायला दीड. "पुन्हा चुकलो," म्हणतात आणि संध्याकाळी "लूट" म्हणून आम्हाला बेसनाचे लाडू वाटतात, घरी वळलेले, जरा वाकडेच. ते निघाले की वॉचमनही अरबीत "चला" म्हणून हाक मारतो, "यल्ला, गॅलससाब!"

मागच्या शुक्रवारी मला रुस्ताकचा मध हवा होता, म्हणून मी बरोबर गेले. एकही वळण चुकलं नाही. दीड तासात आम्ही एका गल्लीच्या तोंडाशी होतो. गाडी थांबली ती थांबलीच. समोर निळं फाटक. नाडकर्णींच्या मांडीवर लाडवांचा डबा.

"कोण राहतं इथे?"

"प्राची. शाळेत शिकवते."

त्यांची मुलगी. तिचं लग्न त्यांना पसंत नव्हतं, तीन वर्षं बोलणं बंद आहे, एवढं मला ठाऊक होतं. ती इतकी जवळ आहे हे नव्हतं.

"आणि दर शुक्रवारी इथे नुसते बसता?"

"गॅलससुद्धा, वहिनी, धुपाच्या देशापासून दोन दिवसांच्या अंतरावरून परत फिरला." त्यांनी रिव्हर्स टाकला.

मी पर्स मांडीवर नीट ठेवली. "नाडकर्णी, गाडी पुढे घ्या. निळ्या फाटकापाशी थांबवा."

त्यांनी गियर बदलला. मग गाडी निघाली, पायी चालल्यासारखी.

माझा मध राहिलाच. त्या संध्याकाळी बिल्डिंगला लाडूही मिळाले नाहीत. येताना रिकामा डबा मागच्या सीटवर वाजत होता आणि नाडकर्णी दर वळणावर मला विचारत होते, "वहिनी, आता कुठे वळू?"