डावीकडचे दस्तगीरचाचा

आमच्या गल्लीतले दस्तगीरचाचा कुणाच्याही उजव्या हाताला बसत नाहीत. लग्नाच्या पंगतीत, न्हाव्याच्या बाकावर, दवाखान्याच्या रांगेत, हा माणूस तुम्हाला खांद्यानं उजवीकडे सरकवतो आणि मग डावीकडे टेकतो. पहिल्यांदा मला वाटलं, एका कानानं ऐकू येत नसेल. तसं काही नव्हतं. चाचांनी उभी हयात ट्रकवर क्लीनर म्हणून काढली. ड्रायव्हर, म्हणजे त्यांचे उस्ताद, उजवीकडे आणि चाचा डावीकडे. "डावी बाजू आपली," असं ते वडिलोपार्जित शेताबद्दल बोलावं तसं बोलतात.

क्लीनरला नेमकं काम काय असतं, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. गगनबावड्याच्या घाटात धुकं उतरलं की ड्रायव्हरला गाडीचं नाकसुद्धा दिसत नाही. तेव्हा दाराबाहेर लटकून रस्ता सांगतो तो क्लीनर. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. पुढे मालकानं गाडीला कॅमेरा बसवला आणि चाचांना घरी बसवलं. त्या कॅमेऱ्याला ते ‘सवत’ म्हणतात.

घरी बसवलं हे आपलं म्हणायला. चाचा सायकलवरून गावभर फिरतात आणि दिसेल त्या मोठ्या गाडीची डावी बाजू सांभाळतात. कचऱ्याची गाडी मागं येत असली की हे हजर. एकदा गल्लीत आडव्या उभ्या राहिलेल्या म्हशीला त्यांनी दोन थापा मारल्या आणि ती चालू लागली. तेव्हापासून म्हशीला माणसापेक्षा सिग्नल जास्त कळतो असं त्यांचं ठाम मत आहे. शेजारचे तात्या गेले त्या दिवशी मात्र कहर झाला. शववाहिका गल्लीच्या तोंडाशी अडकली होती. सगळे माना खाली घालून उभे, आणि मागून चाचांचा खणखणीत आवाज आला, "यूं द्या, यूं द्या. लई जागा हाय. तात्या काय घाईत न्हाईत." रडता रडता तात्यांच्या बायकोला, काकूंनाच हसू फुटलं. त्यामुळे चाचा त्या दिवशी मार खाता खाता वाचले.

अशा माणसाच्या हाती मी माझी मुलगी सोपवली.

मुक्ता अकरावीत आहे. कॉलेजला सायकलनं जायची, आणि तिचा रस्ता म्हणजे गगनबावडा रस्ता. गळीत हंगाम सुरू झाला की त्या रस्त्यावर बाकीच्यांनी असावं की नसावं हे उसाच्या गाड्या ठरवतात. एका सकाळी मुक्ता गालावर ओरखडा घेऊन घरी परत आली. ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या उसाचं पातं घासून गेलं होतं. पातं गालाला लागलं म्हणजे चाक किती जवळ असेल, याचा अंदाज बायकोनं केला आणि सायकलला कुलूप घातलं. किल्ली गेली देवघरात. मुक्तानं आमच्याशी बोलणं टाकलं. मी स्कूटरवरून सोडायला तयार होतो, पण कॉलेजच्या फाटकात बापानं आणून सोडण्यापेक्षा शिक्षण सोडलेलं बरं, असं तिनं आईमार्फत कळवलं.

चाचांना हे कळलं. ते आले, चहा घेतला आणि बायकोकडे दोन दिवसांची मुदत मागितली. पोरीला तयार करतो, मग किल्ली द्यायची का नाही ते तुम्ही ठरवा, एवढंच म्हणाले. बायकोनं मान डोलावली, पण हो म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा मला आणि मुक्ताला नाक्यावर घेऊन गेले. तिथल्या चहाच्या टपरीपाशी उसाचा एक ट्रक उभा होता. त्याचा ड्रायव्हर चाचांच्या ओळखीचा निघाला. चाचांनी ट्रकची किल्ली काढून घेतली आणि मुक्ताला ड्रायव्हरच्या जागी चढवून बसवलं. मग स्वतःची सायकल माझ्या हातात दिली आणि ट्रकच्या पुढच्या डाव्या चाकाशी मला सायकलवर बसवून उभं केलं. मी तहसील कचेरीत बसून बसून वाढलेला माणूस. घरात मी कुठल्याही कोनातून दिसतो, असं बायको म्हणते.

"पोरी, बाप कुठं हाय सांग."

"नाही दिसत चाचा."

"आरशात बघ की."

"आरशात पण नाही."

चहा पिणारी सगळी टपरी हसली. "एवढा गडी न्हाईसा झाला बघा," कुणीतरी म्हणालं. मला हसू आलं नाही. चाक माझ्या छातीएवढं होतं आणि वर बसलेल्या माझ्याच पोरीला मी दिसत नव्हतो.

मग चाचांनी मला एकेक पाऊल मागे घ्यायला लावलं. बराच मागे आल्यावर आरशात मुक्ताचा चेहरा दिसला आणि त्याच क्षणी ती वरून ओरडली, की दिसले.

"झालं," चाचा म्हणाले. "आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसलं तर तू हायस. न्हाई दिसलं तर तू न्हाईस. आणि गाडी डावीकडं वळायला लागली की आत शिरायचं न्हाई. मागचं चाक आत कापत येतंय."

टपरीवरच्या ड्रायव्हरांनाही त्यांनी सोडलं नाही. सायकलपासून दीड हात लांब राहा, वळताना मान वळवा, आणि त्या गाण्यांचा आवाज कमी करा, घंटी ऐकू येत न्हाई, असं बराच वेळ सुनावलं. एकानं हसून टेपचा आवाज तिथल्या तिथं कमी केला.

तिसऱ्या दिवशी बायकोनं देवघरातली किल्ली काढून दिली आणि मुक्ता परत येईपर्यंत ती दारात उभी राहिली. मुक्ता आली. आल्या आल्या म्हणाली, आधी चाचांकडे जायचंय.

आम्ही दोघं गेलो तेव्हा चाचा घरात एकटेच बसले होते. मुक्तानं सांगितलं, नाक्यावर पुढच्या ट्रकनं डावीकडचा इंडिकेटर दिला, तशी ती मागेच थांबली. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसला. त्यानं पंजा दाखवला, सावकाश वळला आणि वळून झाल्यावर हात केला.

चाचा सायकलचं विचारतील असं मला वाटलं होतं. "हात केला? तुला?" त्यांनी विचारलं.

"हो चाचा. हसला पण."

"आमचा उस्ताद लई चांगला मानूस. माझ्या आवाजावर डोळं झाकून गाडी घालायचा," चाचा म्हणाले. "पर माझ्याकडं कधी बघितलं न्हाई गं. बघायचं कामच न्हवतं त्याला."

मला फार वाईट वाटलं. मुक्तानं दप्तर खाली ठेवलं आणि ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

"परत सांग की," चाचा म्हणाले. "आरशात दिसला तिथनं."

मुक्तानं तिथून परत सांगितलं.