भागाबाईने बिऱ्हाड का हलवलं

एका जंगलात भलंमोठं तळं होतं. म्हणजे अजूनही आहे, बाळांनो, पण त्याला तळं म्हणायला जरा धीर लागतो. आधी नाक धरून नीट बसा, मग सांगतो.

या गोष्टीत एक पोपट आहे. तो मीच. जंगलात काहीही असो, बारसं किंवा शोकसभा, सूत्रसंचालन माझ्याकडे. दोन्हीकडे मी त्याच ओळी म्हणतो, फक्त आवाज बदलतो. मला आणखी काही येत नाही. पण तेवढ्यावर माझं छान चाललं आहे.

तळ्यात भागाबाई नावाची पाणकोंबडी राहायची. लव्हाळ्यात घरटं आणि मागे पिल्लांची रांग. एके दिवशी तिचं धाकटं पिल्लू पाण्यातून वर आलं, ते घाणीने माखून. पिसांना तवंग चिकटलेला. त्याला धड पोहता येईना, श्वास घरघरायला लागला. भागाबाईचा जीव कासावीस झाला. ती तडक सिंहमहाराजांच्या दरबारात गेली.

"महाराज, तुमच्या गुहेतला नाला आमच्या तळ्यात येतो. तेवढा बंद करा. माझं पोर जाईल हो."

नाला सगळ्यांना ठाऊक होता. शिकारीचं उरलंसुरलं, गुहा धुतलेलं पाणी, सगळं त्यातूनच यायचं. पण महाराजांच्या नाल्याला नाला म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती. आम्ही त्याला 'वरचा प्रवाह' म्हणायचो. हा शब्द मीच सुचवला होता.

सिंहमहाराज गंभीर झाले. "बाईंच्या भावना आम्हाला कळतात," ते म्हणाले. "प्रधानजी, तळं स्वच्छ झालंच पाहिजे."

प्रधान होता तरस. तो म्हणाला, "झालंच समजा. उद्याच मोहिमेचा शुभारंभ करू."

आता आमच्या जंगलाची एक रीत आहे. पूजा केल्याशिवाय आम्ही कशालाही हात लावत नाही. आणि पूजेनंतर जेवण असतं, म्हणून पूजेनंतरही लावत नाही.

दुसऱ्या दिवशी जलपूजन झालं. महाराजांनी तळ्यात नारळ सोडला. झेंडूचे हार सोडले, तेही प्लास्टिकच्या पिशवीसकट, कारण पिशवीतून काढले की फुलं सांडतात. मग प्रजेनेही आपापले हार सोडले. मी गहिवरलेल्या आवाजात म्हणालो, "हे तळं नाही, ही आपली आई आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. एका म्हशीला रडू आलं. जेवणात बासुंदी होती. पत्रावळी कुठे टाकल्या ते विचारू नका.

भागाबाईने मला कोपऱ्यात गाठलं. "पोपटभाऊ, नाल्याचं काय झालं?"

"अहो, पहिला टप्पा जनजागृतीचा असतो," मी म्हणालो. जनजागृती हा शब्द मला फार आवडतो. म्हणताना तोंड भरून येतं.

विरोधी पक्षाचा बिबट्या खवळला. पूजन चुकीच्या काठावर झालं, असं त्याचं म्हणणं. त्याने समोरच्या काठावर याहून मोठं पूजन केलं. सूत्रसंचालन मीच केलं. माझं कुणाशी वाकडं नाही.

मग महाराजांनी त्याहून मोठं केलं. मग पुन्हा बिबट्याने. पाणी काही दिसेना, पण श्रद्धा दिसत होती, तरंगताना.

एका सकाळी भागाबाईने धाकट्याला पाठीवर घेतलं, बाकीची पिल्लं मागे घेतली आणि ती डोंगराखालच्या कुंडाकडे निघून गेली. कुंड लहान, पण पाणी नितळ. तिथे पिल्लाची घरघर थांबली, असं कानावर आलं. मला बरं वाटलं. एका भाषणात मी हे मोहिमेचं यश म्हणून सांगितलंसुद्धा.

इकडे हारांचा, नारळांचा आणि पिशव्यांचा गठ्ठा सरकत सरकत नाल्याच्या तोंडाशी जाऊन बसला. नाला तुंबला. सगळी घाण मागे फिरून गुहेत शिरली. महाराज जेवायला बसले होते, तर समोरून बासुंदीची पत्रावळ वाहत आली.

त्या दिवशी जंगलाने जे काम पाहिलं ते कधी पाहिलं नव्हतं. पूजा नाही, भाषण नाही, टप्पा नाही. संध्याकाळच्या आत नवा नाला खणून तयार. तरसाने उतार पाहून तो डोंगराखाली वळवला. कुंडाकडे.

"उद्या कुंडाच्या स्वच्छतेचा शुभारंभ करू," तरस म्हणाला. कुंड अजून स्वच्छच होतं. पण आमचे महाराज दूरदृष्टीचे.

नाल्याचं पाणी पोचायच्या आधीच आम्ही पोचलो. माझ्या गळ्यात हार, समोर माइक. भागाबाई धाकट्याला पोहायला शिकवत होती. त्याची पिसं आता ढगासारखी फुगली होती. तिने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं आणि पिल्लांना म्हणाली, "चला रे, निघायचं."

"का गं आई?" धाकट्याने विचारलं. "पाणी तर चांगलं आहे."

"पोपट आला ना," ती म्हणाली.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण माइक चालू होता.

तात्पर्य : तळं घाण झालं म्हणून घाईने घर सोडू नये. ते स्वच्छ करायला मंडळी जमली, की मात्र क्षणभरही थांबू नये.