बारदानासकट तेवीस

लिंबाजीतात्यांना नमस्कार करायची सोय नाही. आपण हात जोडावेत, तर ते आपल्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदा न्याहाळतात आणि म्हणतात, "गुरुजी, पोळ्यापसून दीड किलो वाढलात." माझा मेव्हणा पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा चहाची कपबशी त्याच्या हातात असतानाच तात्यांनी निकाल दिला, "साडेब्याण्णव. चपला काढून." मेव्हण्याला राग आला. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम दवाखान्यात जाऊन काट्यावर उभा राहिला. ब्याण्णव किलो सातशे ग्रॅम. ही बातमी तात्यांना सांगितली, तर ते म्हणाले, "नाष्टा करून गेलते का?" तेव्हापासून मेव्हणा वडवणीला यायचं म्हटलं की आधी शेजारी गावाला गेलेत का, ते फोन करून विचारतो.

तात्या मापाडी. चाळीस वर्षं बाजारात त्यांनी लोकांचं धान्य मोजलं, आधी मापानं, मग तागडीनं, मग काट्यानं. आमची भिंतीला भिंत लागून आहे, म्हणून हे सगळं मला भोगावं लागतं. माझ्या घरात आलेली कुठलीही वस्तू ते आधी हातात घेऊन तोलतात. भाजीवाल्याने दिलेली किलोभर वांगी त्यांनी हातात धरली आणि "साठ गिरॅम खाल्ली ह्येनं" म्हणून माझी पिशवी घेऊन तरातरा बाजारात परत गेले, हे महिन्यातून एकदा तरी होतं. भाजीवाला माझ्याशी बोलत नाही.

मापाड्यांची एक जुनी रीत आहे. पहिलं माप टाकताना ते 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. शुभ असतं म्हणे. रीत चांगली आहे, पण तात्यांनी ती बाजारातून घरी आणली, आणि घरातून गावभर नेली. एसटीत ते "बीड, लाभ" म्हणून तिकीट मागतात, आणि कंडक्टर नवा असला की खुलासा पुढच्या थांब्यापर्यंत चालतो. रक्तदाबाची गोळी सकाळी लाभ. त्यांच्या शीतलचं नाव पहिलीत घालायला ते माझ्या शाळेत आले, तेव्हा मी फॉर्म भरताना विचारलं, "अपत्यं किती?" तात्या म्हणाले, "लाभ." मी फॉर्मवर मुकाट्याने एक लिहिलं.

आणखी एक खोड होती. धान्याची रास मोजून पोत्यात भरली की जमिनीवरची शेवटची मूठ ते उचलू देत नसत. एकदा पाटोद्याकडचा एक शेतकरी त्यांच्यावर भडकला. "ती बी भरा की, मपलीच हाय!" तात्या थंडपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तेवढी. समदंच उचलून नेलं, तर परत यायचं कशापायी?" शेतकरी बडबडत गेला, पण पुढच्या हंगामात तात्यांकडेच आला. कारण तात्यांचं माप चोख. माप कमी वाटलं तर शेतकऱ्याने स्वतः हजर राहून फेरमाप मागायचं, असा बाजाराचा कायदा आहे. चाळीस वर्षांत तात्यांकडे कुणी फेरमाप मागितलं नाही. ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की ती ऐकताना मला हल्ली जांभई येते.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या नशिबी विमान कंपनी आली.

शीतलची आई ती पाचवीत असताना गेली. तात्यांनी एकट्यानं तिला वाढवलं, शिकवलं, ती नर्स झाली, आणि गेल्या वर्षी तिला आयर्लंडमधल्या एका दवाखान्यात नोकरी लागली. गावात पेढे वाटले. मग तिकीट आलं. ते घेऊन तात्या माझ्याकडे आले.

"गुरुजी, हे वाचा. ह्यात जायाचं हाय. यायाचं कुठंय?"

मी म्हटलं, "तात्या, हे एकेरी तिकीट आहे. नोकरीला चाललीय ती. कधी परतायचं ते आत्ताच कसं ठरवणार?"

"आवं, बीडला दात काढायला गेलं तरी माणूस यायची एसटी कितीला हाय ते इचारून घेतो! एवढ्या लांब लेकरू धाडायचं आन् यायचं नावच न्हाई?"

मी विषय बदलावा म्हणून पुढची ओळ वाचली, आणि तीच माझी चूक झाली. सोबत न्यायचं सामान: मोठी बॅग तेवीस किलो, हातातली सात किलो.

"तेवीस क्विंटल?"

"किलो, तात्या."

तात्या खाली बसले. मग उठले. "तेवीस किलो? सोयरीक बघायला जाताना बायामान्सं ह्याच्यापक्षा जास्त नेत्यात! कायमचं चाललंय माणूस. चोवीस वर्षाचं घर हाय तिचं हितं. तेवीस किलोत काय काय घालायचं?" मग त्यांना आणखी एक मुद्दा सुचला. "आन् मला सांगा, एकशेधा किलोचा गडी त्या इमानात बसतो का न्हाई? मपली पोरगी बावन्नची. दोघान्लाबी तेवीसच? मंग मधलं अठ्ठावन्न किलो कुणी खाल्लं?"

खरं सांगतो, मी तीस वर्षं गणित शिकवलंय, आणि त्यांची वजाबाकी बरोबर होती. मग मलाही राग आला. माणूस जन्मगाव सोडून जातोय, आणि त्याला पोत्याच्या पाव हिश्शात घर बांधायला सांगतात. हा नियम करणाऱ्याने आपल्या घरातलं एक कपाट तरी कधी रिकामं केलं असेल का, असा मला प्रश्न पडला.

दुसऱ्या दिवशी तात्या जरा शांत दिसले. त्यांनी तोडगा काढला होता. "बॅग रिकामी चार किलो दोनशे हाय. ती कटणार. म्हंजे माल तेवीस भरायचा, वरून बारदान." बारदान म्हणजे पोतं. बाजारात भरलेलं पोतं तोलतात आणि रिकाम्या पोत्याचं वजन त्यातून वजा करतात. शेंबडं पोरही हे जाणतं. तेव्हा विमानवालेही जाणत असणार, यात तात्यांना शंका नव्हती.

मला होती. मी शीतलला कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावायला सांगितला. तात्यांनी तो हातातून ओढून घेतला आणि आपल्या हिंदीत सुरू झाले.

"मॅडम, तेईस किलो बोले तो बारदाना काटके, का बारदाने के साथ?"

"सर, बारदाना मतलब?"

"थैला! पोता! खाली बॅग!"

"सर, बॅग के साथ तेईस किलो।"

तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बारदाने का वजन माल में धरते? आमारे बाजार में ऐसा करे तो लायसन जाता, मॅडम!" पलीकडच्या मुलीने आणखी काही मदत हवी आहे का, असं गोड आवाजात विचारलं. तात्या म्हणाले, "आप का तराजू किदर है, वो बताव. मैं आके देखता." शीतलने फोन बंद केला.

त्यानंतरचे आठ दिवस आमच्या दोन्ही घरांत कुणी सुखाने जेवलं नाही. तात्यांनी आपला जुना ताणकाटा माळवदाच्या कडीला लटकवला आणि प्रत्येक वस्तू त्याला लावून पाहिली. ज्वारीचं पीठ तीन किलो. काळा मसाला दीड. आमटीत घालायचं येसर एक, म्हणजे लाभ. नर्सिंगची पुस्तकं सहा किलो, ती पाहून तात्या पुस्तक छापणाऱ्यांवर घसरले. आईची साडी सहाशे ग्रॅम. स्वेटर आठशे. माझ्या बायकोने चार दिवस खपून कुरडया केल्या होत्या. तात्यांनी त्या तोलल्या आणि परत तिच्या हातात दिल्या. "वैनी, तीनशे गिरॅम हाईत. बसत न्हाईत." माझी बायको घरी येऊन माझ्यावर चिडली. बाहेरच्याचा राग काढायला घरात दुसरं कोण असणार.

सगळ्यात मोठं भांडण चपलांवरून झालं. आठवडी बाजारातल्या चांभाराकडून तात्यांनीच मागच्या वर्षी शीतलला कातडी चपला करून घेतल्या होत्या. त्या तिला न्यायच्याच होत्या.

"आगं, तिथं रोज पाऊस पडतो म्हनं. कातडी चपला काय करायच्यात?"

"घरात घालीन, तात्या."

"आठशे गिरॅम हाय जोड! आठशे गिरॅममधी तुला म्हैनाभराचा मसाला यीन."

"मसाला काढा मग. चपला जाणार."

पोरगी बापाच्याच वळणाची. शेवटी तात्यांनी मसाला कमी केला आणि चपला घातल्या. त्या कोंबताना ते असं काही पुटपुटत होते, जणू विमान कंपनीनेच त्या चपला पाठवल्या होत्या.

निघायच्या सकाळी दारात जीप उभी राहिली. तात्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. "काट्यापाशी गर्दी नको. शेवटचं माप मी एकटा करणार." दहा मिनिटांनी ते कुलूप लावलेली बॅग घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "बराबर हाय." मग मुंबईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. मी सोबत गेलो, कारण इंग्रजी बोलायला कुणीतरी हवं होतं, आणि खरं तर तात्या काउंटरवर काय करतील याची मला धास्ती होती. त्यांनी पिशवीत आपली सरकारी शिक्क्याची वजनं घेतली होती, विमान कंपनीचा काटा तपासायला.

विमानतळाच्या दारातल्या शिपायाने ती वजनं पाहिली आणि तात्यांना बाहेरच थांबवलं. आत तसंही प्रवाशालाच सोडत होते. शीतल काचेपलीकडे गेली. बॅग ठेवली, आणि तिथूनच मला फोन केला. "काका, बावीस किलो सहाशे भरलं. ती बाई म्हणतेय, अजून चारशे ग्रॅम चाललं असतं."

बावीस सहाशे! मी भडकलोच. चारशे ग्रॅम जागा रिकामी, आणि माझ्या बायकोच्या तीनशे ग्रॅम कुरडया घरी वाळत पडल्या होत्या. मी तात्यांकडे वळून म्हणालो, "चोख माप म्हणे! तुमच्या काट्याला गंज चढलाय, तात्या. सगळ्या वडवणीला सांगणार आहे मी." मला वाटलं, आता ते कंपनीच्या काट्याला शिव्या देतील, शिपायाला ढकलून आत जातील. त्यांचं लक्ष काचेकडे होतं. काचेतून शीतलने हात केला. त्यांनी हात वर केला आणि ती दिसेनाशी झाल्यावरही तसाच ठेवला. मग म्हणाले, "चला गुरुजी." मला आपलं उगाच वाटलं की माप चुकल्यामुळे त्यांना अपमान वाटला असेल.

आठवड्याने शीतलचा मला फोन आला. आवाज चढलेला. "काका, तात्या फोनवर नीट सांगत नाहीत. माझ्या चपलेचा एकच पाय आलाय. डावा. उजवा कुठंय? दहा वेळा सांगितलं होतं मी, चपला न्यायच्यात म्हणून. मुद्दाम काढला का त्यांनी?"

चारशे ग्रॅम. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्याबरोबर रागही आला. तसाच फोन हातात घेऊन मी तात्यांच्या घरात शिरलो. दुपारचं ऊन अंगणात होतं. घर आवरलेलं. कोनाड्यात त्यांचं जुनं लाकडी माप होतं आणि त्यात तेल लावून चकचकीत केलेली उजव्या पायाची चप्पल.

"तात्या, लाज नाही वाटत? का केलं हे? अर्धी जोडी पाठवून पोरीची थट्टा करता?"

तात्या माझ्याकडे पाहीनात. "बाकीचं समदं गेलं, गुरुजी. पुस्तकं गेली, साडी गेली, तिची वाटी गेली. घर निस्तं झाडल्यावानी झालं. शेवटची मूठ तरी ठिवायची का न्हाई मागं?" मग चपलेकडे बघत ते म्हणाले, "तिकिटात यायचं न्हवतं ना."

मी त्या बिचाऱ्या माणसावर विमानतळाबाहेर, चारचौघांत ओरडलो होतो, याची मला फार लाज वाटली. फोन चालूच होता. पलीकडे शीतल सगळं ऐकत होती.

मग ती म्हणाली, "काका, तात्यांना सांगा. माल तेवीस ठरला होता. बावीस सहाशे मिळाला. चारशे कमी भरलाय. मला फेरमाप पाहिजे. मी स्वतः येऊन, समोर उभं राहून करून घेणार."

मी ते शब्दाला शब्द तात्यांना सांगितलं. चाळीस वर्षांत त्यांच्याकडे फेरमाप कुणी मागितलं नव्हतं. त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, चप्पल मापातून काढून हातात तोलली, आणि पुन्हा जपून मापात ठेवली.

"कवा म्हनली?" त्यांनी विचारलं.

ते तिने सांगितलं नव्हतं, आणि फोन ठेवूनही दिला होता. तात्यांनी कडीवरून ताणकाटा उतरवला, तेलाची वाटी जवळ ओढली, आणि त्याच्या आकड्याला तेल लावत बसले.