कुपीतली फुंकर

इस्माईलभाईंच्या खोलीत चपला घालून गेलं तरी चालतं, श्वास मात्र सांभाळावा लागतो. हा माणूस तो मागून घेतो.

आमच्या सोलापूरच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेची काच फुंकायचे, फुटक्या चंबूंना माना जोडायचे. एकदा हैदराबादच्या एका संग्रहालयात त्यांनी हजार वर्षांपूर्वीची इराणी अत्तरकुपी पाहिली. फुगीर पोट, लांब मान, काचेत अडकलेले बुडबुडे. परत आले ते बिघडूनच. "सर, फुंकणारा कवाच मातीत गेला, अन् त्येची फुंक अजून गोल हाय की!"

झालं! जो भेटेल त्याच्या तोंडात रबरी नळी, दुसऱ्या टोकाला ज्योतीत लाल झालेली काच. आपण फुंकायचं, काच फुगायची, भाई कुपीचं तोंड वितळवून बंद करायचे आणि वर नावाची चिठ्ठी. "मिरची खाके नक्को फुंको, सर. अंदर ठसका रैता!" प्राचार्यांनीसुद्धा निमूट गाल फुगवले.

त्यातले बरेच आता वारले. भाई मात्र रोज कुप्यांच्या फळीसमोर उभे राहून विचारतात, "सलाम बिराजदार सर, बरं हाय?" आणि उत्तर आल्यासारखी मान हलवतात. एका थंड सकाळी बिराजदारांची कुपी आतून धुरकटलेली दिसली. मी रसायनशास्त्र शिकवलेला माणूस, गारठ्यात श्वासातली वाफ काचेवर जमते हे मला ठाऊक होतं. तरी तिच्याकडे पाठ करून बसायचा धीर झाला नाही.

मागच्या मे महिन्यात भर दुपारी त्यांनी मला बोलावलं. त्यांची बायको मेहरून जाऊन दोन महिने झाले होते. भाईंच्या मांडीवर हवेची उशी होती, निम्मी बसलेली.

"दवाखान्यात जाताना तिनंच फुगवली. समद्या गावाची फुंक घेतली, सर. ही घरातलीच, म्हनलं कवाबी घेऊ." त्यांनी उशीच्या तोंडावर बोट दाबून धरलं होतं. "रोज थोडी जातीया. मला दोनी हात काच फिरवायला लागत्यात. तुमी दाबा."

उशी नळीला जोडली. मी दाबली, तशी आतून सुस्कारा निघाला, अगदी बाईमाणसाचा. अंगावर सर्रकन काटा आला. काच ढिम्म.

"अजून जरा. ती हळूच बोलायची."

मग ज्योतीत काच हलली, हळूहळू गोल होत गेली. माझ्या हाताखाली उशी सपाट झाली. भीती कुठल्या कुठे गेली आणि मला भडभडून आलं.

भाईंनी कुपीचं तोंड बंद केलं. हातात धरण्याइतकी निवू दिली. मग त्यांनी ती गालाला लावली.

"अजून कोमट हाय," ते म्हणाले.