तिसऱ्या ओळीनंतरचा विराम

खरं म्हणजे ही गोष्ट मी सांगायची नव्हती. ज्यांनी मला सांगितली, त्यांनी बायबलवर हात ठेवायला लावला होता. पण मी नुसती बोटं टेकवली होती. म्हणून सांगते, बाळांनो.

एका जंगलात चिंचेखाली एक चर्च होतं. तिथे शलोमी नावाची खार यायची. फार लाजाळू. ती अगदी मागे, गव्याच्या पाठीआड बसायची आणि गाताना नुसते ओठ हलवायची.

पुढे ती विद्यापीठात गेली आणि तिने चर्चसंगीत हा विषय घेतला. तिथे गाण्याचा अभ्यास न गाता करता येतो, हे तिला फार आवडलं.

प्रबंधासाठी तिने आपल्याच चर्चची मंडळी निवडली. तिथे प्रत्येक गीतात तिसऱ्या ओळीनंतर सगळे गप्प व्हायचे. मोठा श्वास घेण्याइतका वेळ. मग चौथी ओळ. शलोमीने यावर दोनशे पानं लिहिली. हा विराम म्हणजे पुनरुत्थानाआधीची शांतता, असं तिने सिद्ध केलं. तळटीपा एकशे बारा.

आता तिचे परीक्षक बगळे सर स्वतः उपासनेला येऊन तो विराम ऐकणार होते. ऐकला तर पदवी. नाहीतर नाही.

रविवारी शलोमी लवकर आली. पेटी वाजवणाऱ्या मार्थामावशी, म्हणजे साळिंदरबाई, खुशीत होत्या.

"शलोमे, पाहुणे येणार म्हणून भाता दुरुस्त केला गं! माझाच काटा घुसला होता त्यात. तीन ओळी झाल्या की हवा संपायची. मी भरेपर्यंत मंडळी बिचारी ताटकळायची."

शलोमीची शेपटी ताठ झाली. "म्हणजे... तो विराम..."

"कसला विराम? भोक होतं ते! पंधरा वर्षं! तू कधी पाहिलं नाहीस?"

गव्याच्या पाठीआडून पेटी दिसत नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारायला तोंड उघडावं लागतं.

पहिलं गीत सुरू झालं. चारही ओळी सलग, एका दमात. मंडळीला धाप लागली. बगळे सरांनी एक पाय खाली ठेवला आणि वहीत फुली मारली.

शलोमी उठली. आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्यांसमोर पुढे गेली. पानं उलटायचं निमित्त करून पेटीमागे वाकली आणि रेक्झिनच्या नव्या ठिगळाला दात लावले.

दुसरं गीत. पहिली ओळ, दुसरी, तिसरी... फुस्स.

शांतता.

बगळे सरांनी डोळे मिटले. "अहाहा! केवढी ही श्रद्धा!"

उपासनेनंतर मार्थामावशी हळूच म्हणाल्या, "शलोमे, दाताला रेक्झिन लागलंय. पूस."

शलोमीला पदवी मिळाली, तीही पहिल्या वर्गात. महिन्याभरात जंगलातल्या सगळ्या चर्चना पत्रक गेलं: तिसऱ्या ओळीनंतर थांबावे. नदीपलीकडच्या मंडळीची पेटी धडधाकट होती. त्यांनी भोक पाडायला मार्थामावशींना सन्मानाने बोलावलं. मावशी शाल पांघरून गेल्या.

तात्पर्य : प्रबंध चुकला तर खोडू नये, पेटी बिघडवावी. आणि विचारायची लाज वाटत असेल तर ती जपावी. कारण विचारलं की एका वाक्यात उत्तर मिळतं, आणि एका वाक्यासाठी कुठलंही विद्यापीठ...

आले, आले! गायकवृंदात अल्टोच्या खालच्या सुराला मी एकटीच आहे, मला जायला हवं.