रिकाम्या खुर्चीची मुलाखत

खंडाळ्याच्या दरीकडेच्या त्या बंगल्यात भूत आहे म्हटलं की भाडेकरू पळायचे. सोमेशदांनी मात्र शांतपणे विचारलं, "त्याचं स्वतःचं म्हणणं कोणी घेतलंय?" आणि त्याच दिवशी राहायला आले.

दादा कोलकात्याचे. सारी हयात राजकीय बातमीदारीत गेली. मी जवळच्याच कान्हे गावचा, आमच्या घरातला पहिला पदवीधर. रोज दुपारी त्यांना मराठी वर्तमानपत्रं वाचून दाखवायचो. प्रश्न कसा विचारावा, हे मला कॉलेजनं नाही, त्यांनी शिकवलं.

"दुसरी बाजू कुठे आहे?" हे त्यांचं पालुपद. दूधवाल्यानं म्हशीची तक्रार केली तेव्हा दादा गोठ्यात जाऊन म्हशीसमोर बराच वेळ उभे राहिले होते.

वाचन संपलं की ते व्हरांड्यात समोर एक वेताची खुर्ची मांडायचे. तिच्यापुढे चहाचा कप ठेवायचे. दरीतलं धुकं पायऱ्या चढून वर यायचं आणि खुर्चीत येऊन बसल्यासारखं थांबायचं. दादा बंगालीत हळूच काही विचारायचे, मग कान देऊन वाट बघायचे.

स्वयंपाकाच्या ठकूमावशी त्या खुर्चीच्या जवळ फिरकत नसत. लांबूनच विचारायच्या, "बोललं का कायी?"

"नो कॉमेंट."

"मंग उठवा की त्याला! मला झाडायचंय हितं."

एकदा मी धीर केला. "दादा, त्याला रोज काय विचारता?"

"तिला," दादांनी दुरुस्ती केली.

खुर्ची त्यांच्या बायकोची होती, शोभनाची. ती दवाखान्यात अत्यवस्थ होती तेव्हा दादा एका मंत्र्याच्या दारात प्रतिक्रियेसाठी थांबले होते. प्रतिक्रिया मिळाली, पहिल्या पानावर छापूनही आली. दादा दवाखान्यात पोचेपर्यंत शोभना गेली होती.

"रागावून गेली की माझी वाट बघत, एवढंच विचारतो," ते म्हणाले. "माझी बाजू मला पाठ आहे. इथे कोणीतरी येतं असं लोक म्हणाले, म्हणून हे घर घेतलं."

ठकूमावशी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप मावशींनीच आणून ठेवला. धुकं दाटलं तशी अंगावरची शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली.

"बोला की, वैनी," त्या म्हणाल्या. "लय वाट बघत्यात ओ."

वारा अजिबात नव्हता. खुर्चीचा वेत एकदाच करकरला.

दादांनी घाईघाईनं पेनाचं टोपण काढलं.